गाडी आणि काँडो: कॅलिफोर्नियातल्या इन्शुरन्सच्या बदललेल्या नियमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रीमाँटमधल्या आमच्या काँडो (मालकीच्या फ्लॅटांच्या) कॉम्प्लेक्सच्या एचओए, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीच्या, बोर्डावर मी गेली तीन वर्षं आहे. मी इन्शुरन्स एजंट नाही, वकीलही नाही. पण बोर्डावर आपला माणूस आहे म्हटल्यावर गणपतीच्या आरतीनंतर, दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत आणि एकदा तर इंडियन ग्रोसरीच्या दुकानात तूरडाळीच्या पोत्यांसमोर मला हे प्रश्न विचारले गेलेत. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. इन्शुरन्सचे कायदे इथे प्रत्येक राज्याचे वेगळे असतात, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मावसभावाने दिलेला सल्ला इथे चालेलच असं नाही. आणि तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते माझ्या लिहिण्यापेक्षा महत्त्वाचं. पॉलिसीचं पहिलं पान, ज्याला इथे डिक्लरेशन पेज म्हणतात, ते शेजारी घेऊन वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

गाडी

१ जानेवारी २०२५ पासून नेमकं काय बदललं?

गाडीच्या लायबिलिटी कव्हरची किमान मर्यादा वाढली. आधी ती १५/३०/५ होती, आता ३०/६०/१५ आहे. हे आकडे हजार डॉलरमध्ये वाचायचे. तुमच्या चुकीने अपघात झाला तर एका जखमी माणसामागे कंपनी जास्तीत जास्त ३०,००० डॉलर देईल, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून ६०,०००, आणि समोरच्याच्या गाडीच्या किंवा मालमत्तेच्या नुकसानीचे १५,०००.

जुने आकडे १९६७ सालचे होते. तेव्हापासून दवाखान्याची बिलं कुठल्या कुठे गेली, पण हे आकडे जागचे हलले नव्हते. २०२२ मध्ये एसबी ११०७ नावाचा कायदा झाला आणि त्याने दोन पायऱ्या ठरवल्या. पहिली ही, दुसरी १ जानेवारी २०३५ ला: ५०/१००/२५.

मी काहीच केलं नाही. माझी पॉलिसी आपोआप बदलली का?

तुम्ही आधी किमान मर्यादेवर होतात, तर २०२५ मधल्या पहिल्या रिन्यूअलला कंपनीने ती वर नेली असणार, आणि प्रीमियमही. आधीपासून १००/३०० वगैरे घेतला असेल तर या कायद्याने तुमचं काही बदललं नाही. तुमचा प्रीमियम वाढला असेल तर त्याची कारणं दुसरी आहेत. कमी उत्पन्न असलेल्यांसाठी राज्याची लो कॉस्ट ऑटो नावाची योजना आहे. तिथे १०/२०/३ एवढ्या कमी मर्यादेची पॉलिसी अजूनही कायदेशीर धरली जाते.

भारतात थर्ड पार्टी काढला की काम झालं. इथेही तसंच ना?

नाही. आपल्या लोकांची सगळ्यात महागडी चूक हीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारतात थर्ड पार्टी विमा असेल आणि तुमच्या गाडीने कुणाला इजा झाली किंवा जीव गेला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई विमा कंपनी देते. त्या रकमेला पॉलिसीत वरची मर्यादा नसते. मर्यादा असते ती मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाखांची. त्यामुळे 'थर्ड पार्टी आहे' हे वाक्य आपल्या डोक्यात 'आता काळजी नाही' असं बसलेलं असतं. इथे त्याच नावाच्या गोष्टीला माणसाच्या इजेसाठीही आकडा लावलेला आहे, आणि त्या आकड्याच्या पुढचं सगळं तुमच्या खिशातून.

एक हिशोब मांडून बघू. संध्याकाळी सहाला ८८० फ्रीवेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्यात. तुमचं लक्ष एक क्षण नकाशाकडे गेलं आणि तुम्ही पुढच्या टेस्लावर आदळलात, ती तिच्या पुढच्या होंडावर. टेस्लाची दुरुस्ती १९,००० डॉलर, होंडाची ६,०००. एकूण २५,०००. तुमची मर्यादा १५,०००, म्हणजे १०,००० तुमचे. टेस्लातल्या बाईंची मान आखडली. इमर्जन्सी रूम, एमआरआय, चार महिने फिजिओथेरपी धरून दावा ४८,००० चा. कंपनी ३०,००० वर थांबली. आणखी १८,००० तुमचे. असा २८,००० चा भुर्दंड, तोही कुणाला गंभीर इजा नसताना. समोरच्याने कोर्टातून निकाल आणला तर पगारातून कापून घेण्याची सोय इथल्या कायद्यात आहे.

जुन्या मर्यादेत याच अपघातात ५३,००० भरावे लागले असते. म्हणजे नवा कायदा चांगलाच आहे, फक्त पुरेसा नाही.

मग किती घ्यावा?

घर, बचत आणि बऱ्यापैकी पगार असेल तर मी १००/३००/१०० च्या खाली जाणार नाही. मर्यादा दुप्पट-तिप्पट केली म्हणून प्रीमियम दुप्पट होत नाही, कारण पहिले काही हजार डॉलर सगळ्यात महाग असतात. दोन्ही मर्यादांच्या प्रीमियमचे कोट मागवून फरक बघा, तुम्हालाच पटेल. दहा लाख डॉलरची अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे गाडीची आणि घराची मर्यादा संपल्यावर त्यापुढे देणारी, घ्यायची असेल तर कंपन्या साधारणपणे आधी गाडीवर २५०/५०० मागतात.

समोरच्याकडे इन्शुरन्सच नसेल तर?

त्यासाठी अनइन्शुअर्ड मोटरिस्ट, म्हणजे यूएम, कव्हर असतं. समोरच्याकडे आहे पण अपुरा आहे, त्यासाठी यूआयएम. कॅलिफोर्नियात कंपनीला हे कव्हर तुम्हाला देऊ करावंच लागतं, आणि नको असेल तर तुमची लेखी सही लागते. आता गंमत बघा. ऑनलाइन पॉलिसी घेताना 'महिना अकरा डॉलर वाचतील' असं दिसलं की आपण एका क्लिकमध्ये ती सही करून मोकळे होतो. माझ्याही एका जुन्या पॉलिसीत ती सही सापडली. केल्याचं आठवतही नव्हतं.

यूआयएमबद्दल एक गोष्ट एजंटसुद्धा नीट सांगत नाहीत. इथे तुमचं यूआयएम समोरच्याच्या मर्यादेवर चढत नाही, उलट त्याची मर्यादा तुमच्या यूआयएममधून वजा होते. तुमचं यूआयएम ३०,००० चं आणि समोरच्याची लायबिलिटीही ३०,००० ची, तर यूआयएममधून तुम्हाला शून्य मिळतं. तुमचं १,००,००० चं असेल तर त्याचे ३०,००० आणि तुमच्या कंपनीचे जास्तीत जास्त ७०,०००. किमान मर्यादा वाढल्यावर ३०/६० चं यूआयएम, निदान इन्शुरन्स असलेल्या ड्रायव्हरच्या बाबतीत, निव्वळ शोभेचं झालंय. घ्यायचं तर लायबिलिटीइतकं घ्या.

आणि ज्यांच्याकडे स्वतःचाच इन्शुरन्स नाही त्यांच्यासाठी: १९९६ च्या प्रपोझिशन २१३ (मतदारांनी थेट मत देऊन केलेला कायदा) मुळे, चूक पूर्णपणे समोरच्याची असली तरी विनाइन्शुरन्स ड्रायव्हरला वेदना आणि मनस्तापाची भरपाई मागता येत नाही. दवाखान्याचं बिल आणि बुडालेला पगार, एवढंच.

आम्ही गाडी कमी आणि उबर जास्त वापरतो. आम्हाला काय?

१ जानेवारी २०२६ पासून तुमच्यासाठीही बदल आहे, आणि तो उलट्या दिशेने. उबर किंवा लिफ्ट कंपनीच्या टॅक्सीत तुम्ही प्रवासी असताना विनाइन्शुरन्स गाडीने धडक दिली, तर आधी दहा लाख डॉलरपर्यंतचं यूएम कव्हर होतं. एसबी ३७१ ने ते एका माणसामागे ६०,००० आणि एका घटनेमागे ३,००,००० वर आणलं. तुमच्या स्वतःच्या गाडीवरचं यूएम साधारणपणे तुम्ही दुसऱ्याच्या गाडीत बसलेले असतानाही लागू पडतं. वरचा प्रश्न सोडून इथे आला असाल तर परत वर जा.

क्रेडिट स्कोअर चांगला आहे, मग प्रीमियम कमी का नाही?

कारण इथे गाडीच्या प्रीमियमसाठी क्रेडिट स्कोअर बघायला परवानगीच नाही. टेक्सासहून आलेल्यांना हे विचित्र वाटतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन १०३ मंजूर केलं. तेव्हापासून तीन गोष्टी या क्रमाने मोजायच्या: तुमचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड, वर्षाला किती मैल चालवता, किती वर्षांचा अनुभव. २०१९ पासून स्त्री-पुरुष भेदही काढला. दर वाढवायचा तर कंपनीला आधी राज्याची मंजुरी घ्यावी लागते, आणि ती देणारा इन्शुरन्स कमिशनर लोकांनी मत देऊन निवडलेला असतो. आपल्याकडे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या 'आयआरडीए'चा अध्यक्ष निवडणूक लढवतोय अशी कल्पना करून बघा.

वर्क फ्रॉम होम सुरू झालं असेल तर मैलांचा आकडा कंपनीला कळवा. बारा हजारांवर अडकलेला आकडा सहा हजारांवर आणल्यावर माझा प्रीमियम लगेच उतरला. गुड ड्रायव्हर सवलत किमान २० टक्के असते. त्यासाठी लायसन्सला तीन वर्षं आणि त्या काळात नियम मोडल्याचा किंवा अपघाताचा एकापेक्षा जास्त पॉइंट रेकॉर्डवर नको. भारतातून नुकतेच आला असाल तर तिथल्या लायसन्सची तारीख एजंटला दाखवा. न विचारता कुणी ती धरणार नाही.

आई-बाबा सहा महिने आलेत. त्यांनी गाडी चालवली तर?

पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला भारतातल्या वैध लायसन्सवर इथे गाडी चालवता येते. पोलिसांच्या दृष्टीने प्रश्न नाही, प्रश्न पॉलिसीचा आहे. भारतात विमा गाडीचा असतो, लायसन्स असलेला कुणीही चालवो. इथे पॉलिसीला घरातल्या माणसांची नावं हवी असतात. क्वचित, विचारून गाडी नेणाऱ्याला बहुतेक पॉलिसी झाकतात. सहा महिने त्याच घरात राहून रोज नातवाला शाळेत सोडणाऱ्या आजोबांना मात्र कंपनी 'क्वचित' म्हणेलच असं नाही. शिवाय काही पॉलिसी अशा पाहुण्या ड्रायव्हरसाठी तुमची १००/३०० ची मर्यादा खाली आणून राज्याच्या किमान मर्यादेवर ठेवतात. नाव घालून घ्या आणि तसं लेखी मागा.

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं खंबाटकी घाटात गाडी चालवलीय. इथल्या पहिल्याच चार रस्त्यांच्या स्टॉप साइनला ते न थांबता निघून गेले. मी ओरडलो तर शांतपणे म्हणाले, "अरे, कुणी होतं का तिथे?" नाव घालून घ्या.

दोन महिने भारतात जातोय. तेवढे दिवस पॉलिसी बंद ठेवू?

नका ठेवू, निदान डीएमव्हीला (राज्याच्या मोटार वाहन खात्याला) न सांगता तर नकोच. पॉलिसी बंद झाल्याचं कंपनी थेट डीएमव्हीला कळवते, आणि ४५ दिवसांत दुसरी दिसली नाही तर रजिस्ट्रेशन निलंबित होतं. गाडी उभीच राहणार असेल तर डीएमव्हीकडे तसा नॉन-यूजचा अर्ज आधी करता येतो. पण उभ्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोरीला गेला तर तो कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हरमधूनच मिळतो, हे लक्षात ठेवून ठरवा.

अपघात झाला, दोघांनी आपसात मिटवलं. कुठे कळवायचं का?

कुणाला थोडीही इजा झाली असेल किंवा कुणा एकाचं नुकसान १,००० डॉलरच्या वर असेल, तर दहा दिवसांत डीएमव्हीला एसआर-१ फॉर्म भरून द्यावा लागतो, चूक कुणाचीही असो. हल्लीचे बंपर बघता १,००० च्या आतला अपघात जवळजवळ उरलेलाच नाही.

काँडो

एचओए दर महिन्याला इन्शुरन्सचे पैसे घेते. मग मला वेगळी पॉलिसी कशाला?

एचओएची मास्टर पॉलिसी इमारतीची असते. तुमच्या घराच्या आत ती कुठपर्यंत येते, हे ती कोणत्या प्रकारची आहे त्यावर ठरतं. 'बेअर वॉल्स' प्रकारात ती भिंतीच्या सांगाड्यापाशी थांबते, म्हणजे किचन कॅबिनेट, फ्लोअरिंग, बाथरूमची भांडी तुमची. 'सिंगल एंटिटी'त बिल्डरने मूळ दिलेलं सगळं येतं, पण तुम्ही नंतर बसवलेलं ग्रॅनाइट नाही. 'ऑल-इन'मध्ये तेही येतं. तुमचे कपडे, टीव्ही, दागिने, तुमच्या घरात पाय घसरून पडलेला पाहुणा आणि दुरुस्तीच्या काळातलं हॉटेल, हे कुठल्याच प्रकारात येत नाही. त्यासाठी काँडोमालकाची एचओ-६ पॉलिसी असते.

आमच्याकडे घडलेलं सांगतो. एका रविवारी पहाटे दुसऱ्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनचा होज फुटला. खालच्या घरातल्या ताई उठल्या तेव्हा देवघराच्या वरच्या छताला कढईएवढा फुगा आला होता, आणि त्यातून समईत पाणी ठिबकत होतं. त्यांनी फुग्याला झाडूने टोचलं. (टोचू नका. आधी मेन व्हॉल्व्ह बंद करा, मग फोटो काढा.) ड्रायवॉल (छताचं नि भिंतीचं जिप्सम बोर्ड) फाडणं, वाळवणं, बुरशी काढणं यांचे ७,५०० झाले, आणि फ्लोअरिंग नि कॅबिनेटचे ११,०००.

ताईंना वाटलं मास्टर पॉलिसी देईल. पण त्याच वर्षी पाण्याच्या नुकसानीचं आमचं डिडक्टिबल, म्हणजे कंपनी देण्याआधी आपण सोसायची रक्कम, १०,००० वरून २५,००० झालं होतं. एकूण नुकसान १८,५००. मास्टर पॉलिसीने एक डॉलर दिला नाही. आमच्या नियमावलीप्रमाणे ड्रायवॉल एचओएचा, तो आम्ही केला. ११,००० ताईंचे. एचओ-६ नव्हती. वरच्या शेजाऱ्याकडून मागायचे तर त्याचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो, नुसतं 'पाणी तुमच्या घरातून आलं' एवढं पुरत नाही. होज दोन वर्षांचा होता, पावतीसकट. विषय संपला.

आपली मास्टर पॉलिसी कुठली, डिडक्टिबल किती, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. एचओएने दरवर्षी आर्थिक वर्ष संपण्याआधी ३० ते ९० दिवसांत पाठवायच्या बजेट रिपोर्टमध्ये इन्शुरन्सचा सारांश असतो. तो जाड पीडीएफ आपण सगळेच न उघडता ठेवतो. आमच्या ६४ घरांपैकी किती जणांनी उघडला ते लिहून बोर्डाची अब्रू घालवत नाही.

'लॉस असेसमेंट' म्हणजे काय?

मोठं नुकसान झालं आणि मास्टर पॉलिसी पुरली नाही, तर उरलेली रक्कम सगळ्या घरांत वाटली जाते. तुमच्या वाट्याला आलेला तो तुकडा एचओ-६ मधलं लॉस असेसमेंट कव्हर देतं. अनेक पॉलिसींत त्याची मूळ रक्कम फक्त १,००० डॉलर असते. वाढवून घ्यायला फार लागत नाही, आणि वाढवताना एवढंच विचारा: असेसमेंट मास्टर पॉलिसीच्या डिडक्टिबलमुळे आलं असेल तरी पूर्ण रक्कम मिळते का? काही पॉलिसी तिथे पुन्हा १,००० वरच आणून बसवतात. आणि छप्पर जुनं झालं, रंग काढायचाय, अशा देखभालीच्या असेसमेंटला हे कव्हर लागू पडत नाही.

मास्टर पॉलिसी एवढी महाग का झाली? बोर्ड झोपलं होतं का?

झोपलं नव्हतं. आमच्या कंपनीने रिन्यूअलला नकार दिला, तेव्हा ब्रोकरने डझनभर ठिकाणी विचारलं. जे मिळालं ते महाग आणि मोठ्या डिडक्टिबलचं. एचओएचा मासिक हप्ता ४२० डॉलरवरून ४९५ करावा लागला. आमच्यापासून सगळ्यात जवळचं जंगल म्हणजे मिशन पीकच्या उतारावरचं वाळकं गवत, पण कंपन्या आता नकाशावर सगळ्या डोंगरकडा सारख्याच रंगवतात.

बोर्डाच्या हातालाही मर्यादा आहेत. सभासदांचं मत न घेता मासिक हप्ता वर्षाला २० टक्क्यांपर्यंतच वाढवता येतो, आणि विशेष असेसमेंट वर्षाच्या एकूण बजेटखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. कोर्टाचा आदेश, सुरक्षेचा धोका किंवा आधी अंदाज येऊच शकला नसता असा खर्च, अशा आणीबाणीत यातून सूट मिळते. बोर्ड तिचा आधार घेत असेल तर ठराव वाचायला मागा, तुमचा हक्क आहे.

कुठेच मिळालं नाही तर शेवटी फेअर प्लॅन. हा १९६८ मध्ये राज्याच्या कायद्याने सुरू झालेला, सगळ्या खासगी कंपन्यांनी मिळून चालवलेला शेवटचा आसरा आहे, सरकारी तिजोरीवर चालत नाही. मोठ्या काँडो कॉम्प्लेक्सला त्याची २ कोटी डॉलरची मर्यादा पुरत नव्हती. २०२५ मध्ये ती इमारतीमागे २ कोटी आणि एका जागेमागे १० कोटींपर्यंत वाढवली. पण त्यात मुख्यतः आग येते. पाणी, चोरी, लायबिलिटी यांसाठी दुसरी पॉलिसी जोडावी लागते.

माझ्या घराला आग लागलेली नाही. माझी एचओ-६ का वाढली?

७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसकडे पॅलिसेड्स आणि ईटन या आगी पेटल्या. त्यानंतर फेब्रुवारीत फेअर प्लॅनने सभासद कंपन्यांकडून १ अब्ज डॉलर मागितले. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर अशी वेळ पहिल्यांदाच आली. त्यातला अर्धा वाटा कंपन्यांना राज्यभरच्या ग्राहकांकडून एकदाच वसूल करायला परवानगी आहे, म्हणून फ्रीमाँटच्या बिलावरही ती वेगळी ओळ दिसते. त्याच वर्षी राज्यातली सगळ्यात मोठी घरविमा कंपनी, स्टेट फार्म जनरल, हिला तातडीची दरवाढ मंजूर झाली: घरांना १७ टक्के, काँडोमालक आणि भाडेकरूंना १५.

यामागचा मोठा बदल म्हणजे राज्याने कंपन्यांशी केलेली देवाणघेवाण. पूर्वी दर ठरवताना मागच्या वर्षांचं नुकसानच धरता येत असे. डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नियमांनी वणव्याच्या भविष्यातल्या अंदाजाची कॉम्प्युटर मॉडेल्स आणि रिइन्शुरन्सचा (कंपन्या स्वतःसाठी काढतात त्या विम्याचा) खर्च दरांत धरायला परवानगी दिली. बदल्यात, राज्यात कंपनीचा जेवढा बाजारवाटा असेल त्याच्या किमान ८५ टक्के प्रमाणात तिने वणव्याच्या धोक्याच्या भागांतही पॉलिसी द्यायच्या. दर लगेच वाढतात आणि पॉलिसी हळूहळू मिळतात, हा माझा आतापर्यंतचा अनुभव. बोर्डावरचा माझा एक मित्र म्हणतो, कंपन्या राज्य सोडून जाण्यापेक्षा हे बरं. त्याचंही खरं आहे.

बाल्कनीच्या तपासणीचा इन्शुरन्सशी काय संबंध?

१६ जून २०१५ ला बर्कलीत एका अपार्टमेंटची बाल्कनी कोसळून सहा तरुण मुलं गेली. आतलं लाकूड कुजलेलं होतं आणि बाहेरून काही दिसत नव्हतं. त्यातून पुढे एसबी ३२६ आला. तीन किंवा जास्त घरांच्या काँडो इमारतीत, जमिनीपासून सहा फुटांच्या वर असलेल्या, लाकडाच्या आधाराच्या बाल्कन्या, जिने, पॅसेज आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडून तपासून घ्यायचे. पहिली मुदत १ जानेवारी २०२५ होती, नंतर दर नऊ वर्षांनी.

आता रिन्यूअलला अनेक कंपन्या हा अहवाल मागतात, आणि काँडो विकताना घेणाऱ्याची बँकही. अहवाल नसेल किंवा 'दुरुस्ती बाकी' लिहिलेलं असेल तर तुमच्या शेजाऱ्याची विक्री अडते आणि एचओएचा प्रीमियम वाढतो. २०२१ मध्ये फ्लोरिडात सर्फसाइडची इमारत पडून ९८ माणसं गेली, तेव्हापासून बँका फारच कडक झाल्यात. तपासणीसाठी बाल्कनीतली तुळस, सायकली आणि लोणच्याच्या बरण्या हलवायला सांगितल्या तर कृपया हलवा. मी बोर्डाचा माणूस म्हणून हात जोडून सांगतोय.

भूकंप?

एचओ-६ मध्ये नाही, आणि मास्टर पॉलिसीत बहुतेक ठिकाणी नाही. कंपनीला दर दोन वर्षांनी तुम्हाला भूकंपाची पॉलिसी देऊ करावी लागते, ते पत्र आपण टाकून देतो. नॉर्थरिजनंतर १९९६ मध्ये स्थापन झालेल्या कॅलिफोर्निया अर्थक्वेक ऑथॉरिटीच्या काँडो पॉलिसीत मला महत्त्वाचं वाटतं ते लॉस असेसमेंट, १,००,००० डॉलरपर्यंत. इमारत उभी करायचा खर्च ६४ घरांवर पडणार. घरातल्या कपबशा फुटल्या तर फुटल्या. हेवर्ड फॉल्ट आमच्या गावातून जातो, तेव्हा मी ती घेतलीय.

काँडो भाड्याने दिलाय. तीच एचओ-६ चालेल?

नाही. मालक स्वतः राहतो असं धरून ती दिलेली असते. कंपनीला कळवून भाड्याच्या घराची करून घ्या, आणि भाडेकरूला त्याची रेंटर्स पॉलिसी घ्यायला लीजमध्येच लिहा.

कंपनीने 'नॉन-रिन्यूअल'चं पत्र पाठवलं. हातात किती वेळ?

घराच्या पॉलिसीसाठी किमान ७५ दिवसांची नोटीस हवी. राज्याने आणीबाणी जाहीर केलेल्या वणव्याच्या हद्दीत किंवा तिला लागून तुमचा झिपकोड असेल, तर वर्षभर कंपनीला त्या कारणाने घराची पॉलिसी काढून घेता येत नाही. तुमचा झिपकोड यादीत आहे का ते इन्शुरन्स खात्याच्या साइटवर दिसतं. ७५ दिवसांतले पहिले ६० आपण दिवाळी, पाहुणे आणि मुलांच्या परीक्षांत घालवतो. पत्र आलं त्याच आठवड्यात दोन ब्रोकरना फोन करा.

क्लेम केला, कंपनी उत्तरच देत नाही. तक्रार कुठे?

राज्याचे नियम तारखांसकट आहेत. क्लेम कळवल्यावर १५ दिवसांत कंपनीने पोच द्यायची. पुरावे मिळाल्यावर ४० दिवसांत हो किंवा नाही सांगायचं, आणि जास्त वेळ हवा असेल तर कारण लेखी कळवायचं. मान्य केल्यावर ३० दिवसांत पैसे. तक्रार इन्शुरन्स खात्याकडे ऑनलाइन किंवा ८००-९२७-४३५७ वर करता येते, वकील लागत नाही.

आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या एका काकांचा पाण्याचा क्लेम ५२ दिवस अडकला होता. फोन केला की दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. एका रविवारी आम्ही दोघांनी बसून एक ईमेल लिहिली: कुठल्या तारखेला काय पाठवलं, कुणाशी बोललो, ४० दिवस कधी संपले, आणि शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर न आल्यास राज्याकडे तक्रार करू. आवाज चढवलेला एक शब्द नव्हता. बुधवारी ॲडजस्टरचा, म्हणजे कंपनीच्या क्लेम तपासणाऱ्या माणसाचा, फोन आला, आणि काका मला म्हणाले, "एवढंच होतं, तर मी महिनाभर त्या फोनवरचं संगीत का ऐकत बसलो?"